गणित दिसत नाही, पण समजते!

फळ्यावरचे सूत्र ज्याला दिसत नाही त्याने विज्ञान शाखेच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला आजही अनेक घरांत दिला जातो. पण अडचण खरोखर विद्यार्थ्याच्या डोळ्यांत असते, की त्याच्या हाती दिलेल्या पुस्तकात?

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. मॉस्कोत राहणाऱ्या लेव पोंत्र्यागिन या चौदा वर्षांच्या मुलाच्या घरी स्टोव्हचा स्फोट झाला आणि त्याची दृष्टी कायमची गेली. त्याची आई तात्याना शिवणकाम करणारी. उच्च गणिताशी तिचा काहीच संबंध नव्हता. पण मुलाने गणितच शिकायचे ठरवल्यावर ती रोज त्याच्याजवळ बसून गणिताची पुस्तके वाचून दाखवू लागली.

पुस्तकात जागोजागी चिन्हे येत. त्यांची नावे तिला कशी ठाऊक असणार? मग तिने एक युक्ती काढली. चिन्ह जसे दिसेल तसे सांगायचे! दोन संचांचा छेद दाखवणारे चिन्ह उपड्या वाटीसारखे असते. त्याला ती म्हणे, 'शेपट्या खाली'. संयोगाचे चिन्ह सुलट्या वाटीसारखे, म्हणून ते 'शेपट्या वर'. मायलेकांच्या या खास भाषेतून तो मुलगा गणित शिकला आणि पुढे विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांमध्ये गणला गेला.

ही कहाणी ऐकून कोणाचेही मन भरून येईल. पण तिच्यातच एक बोचरा प्रश्न दडलेला आहे. ज्याच्याजवळ अशी आई नाही, किंवा जिची आई दिवसभर कामावर असते, त्याने काय करायचे? बुद्धी असूनही केवळ वाचून दाखवणारे कोणी नाही म्हणून त्याने गणित सोडून द्यायचे?

अडचण नेमकी कुठे आहे?

इतिहास किंवा साहित्याचे पुस्तक एखाद्याने मोठ्याने वाचले, तर ऐकणाऱ्याला ते जसेच्या तसे मिळते. शब्द एकामागून एक येतात आणि त्याच क्रमाने अर्थ लागतो. गणिताचे तसे नाही. गणित ओळीत लिहिलेले असले तरी ते वर-खालीही पसरलेले असते. अंश वर, छेद खाली, घात कोपऱ्यात, वर्गमूळाचे छप्पर सगळ्यांच्या डोक्यावर. डोळस माणसाची नजर हे सारे एका क्षणात टिपते. कानाला मात्र एका वेळी एकच शब्द मिळतो.

एक साधे उदाहरण पाहा. कोणी वाचले, 'क्ष अधिक एक भागिले दोन'. याचे दोन अर्थ होतात. एकतर क्ष मध्ये अर्धा मिळवायचा, किंवा क्ष आणि एक यांची बेरीज करून तिला दोनने भागायचे. क्ष ची किंमत ५ असेल, तर पहिल्या अर्थाने उत्तर साडेपाच येते आणि दुसऱ्या अर्थाने तीन! छापील पानावर आडवी रेघ किती लांब आहे ते पाहिले की गोंधळ संपतो. ऐकणाऱ्यासाठी ती रेघ नाहीशी झालेली असते.

परीक्षेच्या खोलीत हाच गोंधळ उलट दिशेने होतो. अंध विद्यार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक लिहून घेतो. लेखनिकाला विषयाची ओळख नसेल तर कंस चुकतो, चिन्ह बदलते आणि अचूक विचार केलेल्या विद्यार्थ्याचे गुण जातात. म्हणजे चूक बुद्धीची नसते, मधल्या वाटेची असते.

सहा ठिपक्यांचे गणित

अंधांच्या शिक्षणाला खरी वाट करून दिली ती फ्रान्सच्या लुई ब्रेल यांनी. उठावाच्या सहा ठिपक्यांतून ६३ वेगवेगळ्या आकृती तयार होतात आणि बोटांच्या टोकांनी त्या वाचता येतात. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान लिपी स्वीकारण्यात आली. आज मराठी मुलेही तीच वापरतात.

पण ६३ आकृतींमध्ये मुळाक्षरे बसवायची, विरामचिन्हे बसवायची आणि वर गणिताची शेकडो चिन्हेही बसवायची, हे कसे जमावे? ब्रेलमध्ये एकच ठिपका असलेली पहिली आकृती मराठीत 'अ' असते आणि तिच्यापुढे अंकाची खूण आली की तीच 'एक' होते. साध्या हिशेबाला हे चालते. पण बीजगणितात अक्षर आणि अंक खांद्याला खांदा लावून येतात, तेव्हा वाचणाऱ्याची तारांबळ उडते.

हे कोडे सोडवले अमेरिकेतील एका अंध माणसानेच. अब्राहम नेमेथ १९१८ मध्ये न्यूयॉर्कला जन्मले ते दृष्टीविनाच. लहानपणी वडील त्यांना फिरायला नेत आणि रस्त्यावरच्या टपालपेट्यांवरची उठावाची अक्षरे बोटांनी ओळखायला शिकवत. नेमेथ यांना गणिताची ओढ होती. पण अंधाला गणितात नोकरी कोण देणार, असे सांगून सल्लागारांनी त्यांना मानसशास्त्राकडे वळवले. त्यांनी त्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली, पण मनाजोगते काम काही मिळेना. तेव्हा पत्नीने त्यांना विचारले, की नावडते काम शोधत बेकार राहण्यापेक्षा आवडते गणित शिकून बेकार राहिलेले काय वाईट?

नेमेथ पुन्हा गणिताकडे वळले. अभ्यासासाठी त्यांनी स्वतःपुरती एक पद्धत बसवली. अंकांच्या आकृती ब्रेलच्या चौकटीत एक घर खाली सरकवल्या, त्यामुळे अंक आणि अक्षर बोटाला वेगळे कळू लागले. अपूर्णांक कुठे सुरू होतो, कुठे संपतो, घात कुठवर जातो, यासाठी स्वतंत्र खुणा ठरवल्या. १९५२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि 'नेमेथ संहिता' या नावाने रूढ झाली. नेमेथ यांनी पुढे डेट्रॉईटच्या विद्यापीठात तीस वर्षे डोळस विद्यार्थ्यांना गणित शिकवले. तेही फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहून!

पुण्याच्या मुलाने संगणकाला वाचायला शिकवले

नेमेथ यांनी बोटांची सोय केली. कानांची सोय करणारा माणूस मात्र आपल्या पुण्याचा निघाला.

टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ मध्ये पुण्यात झाला. लहानपणी त्यांना थोडेफार दिसत असे. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी तेही संपले. भाऊ आणि शिक्षक त्यांना पाठ्यपुस्तके वाचून दाखवत. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून त्यांनी गणित विषयात पदवी घेतली आणि मुंबईच्या आयआयटीत गणित व संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्यांनी एक गमतीदार गोष्ट करून दाखवली. गणितातील वक्ररेषा आवाजाच्या रूपाने ऐकता येतील असा कार्यक्रम त्यांनी संगणकासाठी लिहिला. ज्याला आलेख दिसत नाही, त्याला तो ऐकू येऊ लागला.

पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करताना त्यांच्या हाती एक किल्ली सापडली. गणितज्ञ आपले लेख छापण्यासाठी 'टेक' आणि 'लाटेक' नावाच्या पद्धती वापरतात. डोनाल्ड क्नुथ यांनी 'टेक' तयार केली ती छापील पान सुंदर दिसावे म्हणून. तिच्यात लेखकाला 'हा अपूर्णांक, याचा अंश हा, छेद हा', 'हे वर्गमूळ, ते इथपर्यंत' असे शब्दांत टंकावे लागते. संगणक त्यावरून पान रचतो. रामन यांनी विचार केला, की ज्या सूचनांवरून संगणक पान रचतो, त्याच सूचनांवरून त्याला वाचता का येऊ नये?

त्यातून १९९४ मध्ये 'अॅस्टर' ही वाचक प्रणाली तयार झाली. रामन यांच्या मार्गदर्शक कुत्रीचे नावही अॅस्टरच! ही प्रणाली सूत्र नुसते वाचत नव्हती. घात आला की आवाजाची पट्टी वर जाई, पायाशी लिहिलेला अंक आला की पट्टी खाली येई. लांबलचक समीकरण आधी ढोबळ स्वरूपात ऐकायचे आणि मग हवा तो भाग उलगडून पाहायचा, अशीही सोय होती. डोळस माणूस पानावर नजर फिरवतो तसाच हा प्रकार. या प्रबंधाला संगणकशास्त्रातील सर्वोत्तम प्रबंधासाठीचा प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला. रामन यांनी पुढे अॅडोबी, आयबीएम आणि गूगल अशा कंपन्यांत काम केले.

रामन यांच्या कामाचा खरा धडा मात्र पुरस्काराहून मोठा आहे. गणित कानाला ऐकवता येते. अट एकच, लिहिताना ते चित्र म्हणून न लिहिता मजकूर म्हणून लिहिलेले असावे.

पाचचा वर्ग की बावन्न?

आज महाविद्यालयात काय चालते ते पाहू. प्राध्यापक हाताने लिहिलेल्या टिपणांचे मोबाइलवर फोटो काढतात आणि वर्गाच्या गटावर पाठवतात. डोळस मुलांना तेवढे पुरते. अंध विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये किंवा संगणकात पडद्यावरचा मजकूर वाचणारी प्रणाली असते. 'एनव्हीडीए' ही अशीच एक प्रणाली. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये तिचे काम सुरू केले आणि ती सर्वांना मोफत मिळते. पण फोटोपुढे ती काय करणार? फार तर 'चित्र' एवढे सांगून ती पुढे जाते.

छापील पानावरील अक्षरे ओळखणारी यंत्रेही इथे फसतात. पाच या अंकाच्या डोक्यावर बारीक दोन म्हणजे पाचचा वर्ग, अर्थात पंचवीस. साधे यंत्र ते सरळ एका ओळीत आणते आणि वाचते, बावन्न! विद्यार्थ्याने डोके फोडले तरी त्या उदाहरणाचे उत्तर येणार नाही. जपानमधील क्युशू विद्यापीठाचे प्राध्यापक मासाकाझू सुझुकी यांच्या गटाने खास गणिताची पाने ओळखणारी 'इन्फ्टीरीडर' ही प्रणाली तयार केली. तिने मोठी मदत झाली, तरीही जाणकार माणसाने शेवटी एकदा तपासावेच लागते.

यापेक्षा सोपा मार्ग आहे. १९९८ पासून संगणकावर गणित लिहिण्यासाठी 'मॅथएमएल' ही जागतिक पद्धत उपलब्ध आहे. टंकलेखनाच्या नेहमीच्या कार्यक्रमांतही समीकरण लिहिण्याची सोय असते. प्राध्यापकांनी सूत्राचे चित्र चिकटवण्याऐवजी ते तिथे टंकले, तर तेच पान डोळस विद्यार्थ्याला दिसते, अंध विद्यार्थ्याला ऐकू येते आणि हवे असल्यास ब्रेलमध्येही उतरते. काम एकदाच, उपयोग सगळ्यांना!

उलट, सगळे छापून झाल्यावर एका विद्यार्थ्यासाठी पुस्तक नव्याने तयार करायचे म्हटले की वेळ जातो. ब्रेलचे पान जाड आणि त्यावर मजकूर कमी, त्यामुळे छापील एका पुस्तकाचे कित्येक खंड होतात. सूत्रे आणि आकृत्या असतील तर जाणकार माणूसही शोधावा लागतो. सत्र संपल्यावर हातात पडलेले पुस्तक कितीही सुबक असले, तरी त्याचा काय उपयोग?

बोटांनी पाहायची आकृती

सूत्रांचा प्रश्न सुटला तरी आकृत्या उरतातच. त्रिकोण, हृदयाची रचना, विद्युत मंडल, बेन्झिनचे कडे यांचे वर्णन शब्दांत करणे अवघड. इथे उठावाची आकृती उपयोगी पडते. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर आकृती रेखून तिचा त्रिमिती साचा काढायचा आणि त्यावर तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा बसवून उठावाच्या प्रती काढायच्या, असे तंत्र विकसित केले. शालेय विज्ञान आणि गणिताच्या आकृत्या त्यामुळे मुलांच्या बोटांखाली आल्या. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातही २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे.

घरच्या घरीही काही करता येते. रबराच्या मऊ चटईवर उठावासाठीचा खास प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेनने दाब देत रेघ ओढली, की ती वर उचलून येते. बोट फिरवले की कळते. सुतळी, टाचण्या आणि जाड पुठ्ठा यांतूनही आलेख तयार होतो. मात्र छापील आकृती जशीच्या तशी उठवून चालत नाही. बोटाला बारकावे पटकन कळत नाहीत. म्हणून अनावश्यक रेषा काढून टाकायच्या आणि नावे मोकळ्या जागी लिहायची.

आणि प्रयोगशाळा? आम्लाच्या बाटल्यांमध्ये अंध मूल कसे वावरणार, ही पालकांची काळजी स्वाभाविक आहे. पण बोलणारे तापमापक आणि बोलणारे वजनकाटे मिळतात. दट्ट्यावर खाचा पाडलेल्या सिरिंजने द्रव अचूक मोजता येतो. द्रावणाचा रंग बदलला की आवाज बदलणारी उपकरणेही तयार झाली आहेत. वस्तू ठरलेल्या जागी ठेवायच्या, बाटल्यांवर ब्रेलची पट्टी लावायची, सोबतीला एक सहकारी द्यायचा; ही शिस्त तर डोळस मुलांच्याही हिताची. नेदरलँड्समध्ये जन्मलेले गीरात व्हरमाय हे अंध शास्त्रज्ञ शंखशिंपल्यांच्या अभ्यासासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी शंख डोळ्यांनी नव्हे, बोटांनी पारखले.

फक्त अंधांपुरते नाही

कर्णबधिर विद्यार्थ्यापुढे वेगळीच भिंत असते. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलले की ओठही दिसत नाहीत. शिवाय 'संवेग', 'समस्थानिक' अशा शब्दांना खुणांच्या भाषेत ठरलेली खूण लागते. भारत सरकारने २०१५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेल्या कोशात आज हजारो शब्द आहेत. चाकाच्या खुर्चीवरील मुलीला प्रयोगाचे टेबल उंच पडते. हात थरथरणाऱ्या मुलाला समीकरण कळते, पण लिहिता येत नाही. प्रत्येकाची गरज निराळी असते. म्हणून पहिला नियम हाच, की विद्यार्थ्यालाच विचारावे, 'तुला काय केल्याने सोपे पडेल?'

कायदा पाठीशी आहे

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत, किमान ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी त्याने निदान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेण्याचीही मुभा आहे.

पूर्वी पुस्तकाचे ब्रेल किंवा ध्वनिरूप करताना प्रकाशनहक्काची अडचण येई. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्याकडे ती दूर केली. अशाच हेतूने २०१३ मध्ये मराकेश येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा पहिला देशही भारतच ठरला. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले.

तरीही एक मेख आहे. याच कायद्यात पुस्तके आणि साधने मोफत देण्याची तरतूद आहे ती वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. नेमके त्याच सुमारास मूल महाविद्यालयात पाऊल ठेवते! जिथे पुस्तके जाड आणि सूत्रे अवघड होतात, तिथेच मदतीचा हात सैल पडतो.

प्रवेशाची लढाईही काही सोपी नव्हती. दिल्लीच्या कार्तिक साहनी या अंध मुलाला दहावीनंतर विज्ञान घेण्यासाठी परीक्षा मंडळाकडे वारंवार अर्ज करावे लागले. २०१३ मध्ये तो बारावी विज्ञान ९५ टक्क्यांहून अधिक गुणांनी उत्तीर्ण झाला आणि शिष्यवृत्तीवर अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेला. आधी 'जमणार नाही' म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना तोंडाने सांगावे. 'हे इकडून तिकडे नेले' असे नव्हे, तर 'उजवीकडचे तीन डावीकडे नेले, त्यांचे उणे तीन झाले' असे. कंस उघडला की 'कंस सुरू' आणि मिटला की 'कंस पूर्ण' म्हणावे. टिपणे आदल्या दिवशी द्यावीत, टंकलेली द्यावीत. आलेख दाखवताना तो कुठून निघतो, कुठे वळतो, अक्षांना कुठे छेदतो, हे दोन वाक्यांत सांगावे. एवढ्याने मागच्या बाकावरच्या डोळस मुलाचेही भले होते!

पालकांनी प्रवेश घेतानाच प्राचार्यांना भेटून कोणत्या स्वरूपात पुस्तके लागतील ते लेखी द्यावे. परीक्षेच्या तोंडावर धावाधाव करू नये. मुलाला ब्रेल आणि संगणक दोन्ही शिकवावेत. नुसते ऐकून कथा कळते, पण गणित करायला बोटांखाली ओळ असावी लागते. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आठवड्यातून दोन तास एखाद्या विद्यार्थ्यासाठी सूत्रे टंकून देण्याचे काम त्यांना जरूर सुचवावे. त्यांचाही अभ्यास पक्का होईल.

मॉस्कोच्या त्या आईने चिन्हांची नावे माहीत नसतानाही मुलापर्यंत गणित पोहोचवले. आज चिन्हांची नावे माहीत असणारे प्राध्यापक आहेत, वाचणारे संगणक आहेत, पाठीशी कायदाही आहे. मग जून महिन्यात वर्ग सुरू होतील, तेव्हा इतर साठ मुलांच्या हाती पुस्तक पडेल त्याच दिवशी त्या एकसष्टाव्या मुलालाही ते मिळायला काय हरकत आहे?